माती किती पिते आणि विहिरीला किती उरतं: ओल मोजायची घरगुती रीत

कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या पट्ट्यात राहणाऱ्या हजारो घरांचं एक पाऊल गावाकडे असतं. मार्केटात माथाडी म्हणून आलेले आजोबा, इथेच वाढलेला मुलगा, आणि माण-खटाव, आटपाडी, जत नाहीतर सांगोल्याकडे भावकीत अडकलेले तीन-चार एकर. फोनवर विचारणा ठरलेली असते: पाऊस झाला का? विहिरीला पाणी आलं का? या दोन प्रश्नांच्या मध्ये एक तिसरा प्रश्न असतो, तो फारसं कुणी विचारत नाही. पडलेल्या पावसातलं मातीनं किती धरून ठेवलं?

सगळा घोळ तिथेच आहे. पाऊस पडला की तो जमिनीत मुरतो आणि झाडं, पिकं, विहीर सगळे त्याच साठ्यातून आपापला वाटा उचलतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कोरड्या मुलखात तसं घडत नाही. झाडाचं पाणी आणि विहिरीचं पाणी यांचे हिशेब बऱ्याच अंशी वेगळे चालतात. हे वेगळेपण आपल्या रानात किती आहे, हे मोजता येतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक पहार, दोरी, वही आणि घरात-भंगारात सापडणाऱ्या काही वस्तू एवढ्यावर भागतं. निम्मं काम नवी मुंबईतल्या गॅलरीत होतं, निम्मं गावी गेल्यावर.

आधी दोन गोष्टी समजून घ्या

मातीच्या कणांमध्ये लहान-मोठी छिद्रं असतात. मोठ्या छिद्रांतलं पाणी स्वतःच्या वजनानं खाली निघून जातं. लहान छिद्रांतलं पाणी मातीला चिकटून राहतं आणि मुळं ते ओढून घेतात. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवसांनी जास्तीचं पाणी निथळून गेलं की जी स्थिती येते, तिला आपण वाफसा म्हणतो. तिथून माती वाळत जाते आणि एक वेळ अशी येते, की पाणी मातीत असूनही मुळाला सुटत नाही. पीक माना टाकतं आणि रात्रीच्या गारव्यातही सावरत नाही. हा कोमेजण बिंदू. वाफसा ते कोमेजण बिंदू, एवढ्या टप्प्यातलं पाणीच झाडाच्या कामाचं. चांगल्या काळ्या किंवा मध्यम जमिनीत ते मीटरभर खोलीला साधारण 130 ते 180 मिलिमीटर भरतं, वाळूसरीत 50 ते 110.

दुसरी गोष्ट खालच्या खडकाची. दख्खनचा बेसॉल्ट पाणी साठवण्यात कंजूष आहे. झिजलेल्या, मुरमाड बेसॉल्टमधून विहिरीला सुटणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण 2 टक्के धरतात, म्हणजे एक घनमीटर खडकामागे 20 लिटर. आता गणित करा. एकराखालची पातळी 3 मीटरनं वर आली तर साठलं किती? एकर म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर. 3 मीटर गुणिले 2 टक्के, म्हणजे 60 मिलिमीटर पाणी. अंदाजे 2 लाख 43 हजार लिटर. मोटर तासाला 20 हजार लिटर उपसत असेल तर बारा तासांत संपलं. अर्थात विहिरीला आजूबाजूच्या अनेक एकरांतून पाणी येतं, म्हणून ती महिनोन्‌महिने चालते. पण एकराचा हिशेब एकराशी लावला तर वरची दोन फूट माती, मीटरला 150 मिलिमीटर धरून, वाफशाला आली की 90 मिलिमीटर धरते. ते झाले 3 लाख 64 हजार लिटर.

म्हणजे दोन फूट मातीत, तीन मीटर चढलेल्या खडकापेक्षा दीडपट पाणी. विहिरीत डोकावून "यंदा पाणी आहे" म्हणायची सवय इतकी पक्की आहे, की या मोठ्या टाकीकडे कुणाचं लक्षच जात नाही. मोटर लावून उपसता येत नाही म्हणून ती टाकी वाटत नाही, एवढंच.

पहिलं काम: गावाहून माती आणा

चाकरमान्यांचं गावी जाणं ठरलेलं असतं. चैत्र-वैशाखातली यात्रा, गौरी-गणपती, दिवाळी, जमलं तर संक्रांतीच्या सुमारास एखादी फेरी. मातीचे नमुने घ्यायला याहून चांगलं वेळापत्रक नाही. यात्रेच्या वेळी माती सर्वांत कोरडी, गणपतीत अर्धी भरलेली, दिवाळीत परतीच्या पावसानंतर पूर्ण भरलेली असण्याची शक्यता. माण-खटाव पट्ट्यात वर्षाचा पाऊस जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरचा, त्यामुळे दिवाळीचा नमुना चुकवू नका.

बांधापासून, शेणखताच्या ढिगापासून आणि झाडाच्या सावलीपासून दूर जागा निवडा. तिथे खड्डा घेऊन चार थरांतून मूठ-दोन मूठ माती काढा: वरची वीतभर, मग एक फुटापर्यंतची, मग दोन फुटांपर्यंतची, आणि शेवटी मुरूम लागतो तिथली. पुढच्या वेळी त्याच जागेच्या दोन-तीन हात अंतरावर खणा, बुजवलेल्या खड्ड्यात नको. उकरलेली माती वेगळं पाणी धरते.

माती लगेच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून बाहेर काढा, गाठ मारून दुसऱ्या पिशवीत ठेवा. काटा सोबत न्या आणि वजन गावातच करा. रात्रीच्या गाडीत डिकीत गरम होणाऱ्या पिशवीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात आणि पिशवी उघडताना तेच पहिले निसटतात.

मुरमाचा नमुना घ्यायचा कंटाळा करू नका. माती संपली की ओल संपली, असं आपण धरून चालतो. झिजलेल्या खडकाच्या फटींत, भूजलाच्या पातळीच्या बरंच वर, ओल टिकून राहते आणि झाडं ती वापरतात, हे कॅलिफोर्नियातल्या डोंगरी जंगलात संशोधकांनी खडकात भोकं पाडून मोजलं आहे. 2018 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्याकडे वीतभर मातीच्या माळावर हिवर, बोर आणि कडुलिंब मे महिन्यात हिरवे दिसतात, त्याचं उत्तर याच थरात शोधायला हवं.

दुसरं काम: सुकवा आणि तोला

नवी मुंबईच्या हवेत माती नुसत्या उन्हात पुरेशी वाळत नाही. खाडीची दमट हवा आणि काळी माती यांची दोस्ती अशी, की गॅलरीत चार दिवस पसरून ठेवलेल्या मातीतही थोडं पाणी उरतंच. प्रयोगशाळेत नमुना 105 अंशांवर चोवीस तास ठेवतात. घरी छोट्या ओव्हनमध्ये 105 ते 110 अंशांवर पातळ थर पसरून ठेवा आणि दर दोन तासांनी तोला. दोन वजनं सारखी आली की काम झालं. मायक्रोवेव्ह असेल तर 100 ग्रॅम माती काचेच्या बशीत, मध्यम आचेवर तीन मिनिटं, मग एकेक मिनिट करत वजन स्थिर होईपर्यंत. खडे आधी वेचून काढा, ते फुटून उडतात. खिडकी उघडी ठेवा; शेणखत घातलेली माती तापल्यावर घरभर गोठ्याचा वास सुटतो. हे भांडं पुन्हा जेवणाला वापरू नका.

आकडेमोड सोपी आहे. ओलं वजन 240 ग्रॅम, कोरडं 200. पाणी 40 ग्रॅम, म्हणजे कोरड्या मातीच्या 20 टक्के. पण हे वजनी टक्के आहेत. मिलिमीटरमध्ये आणायचं तर माती किती घट्ट आहे ते लागतं. त्यासाठी दोन्ही तोंडं कापलेला पत्र्याचा डबा घ्या. 7 सेंटिमीटर व्यास आणि 10 सेंटिमीटर उंचीच्या डब्याचं आकारमान 385 घनसेंटिमीटर होतं. तो जमिनीत काठोकाठ दाबून आतली माती न सांडता काढा, वाळवा, तोला. 500 ग्रॅम भरली तर घनता 1.3. मग 20 गुणिले 1.3 म्हणजे आकारमानानं 26 टक्के. 30 सेंटिमीटरच्या थरात 78 मिलिमीटर पाणी.

78 मिलिमीटर ऐकायला भरपूर वाटतं. थांबा, त्यातलं झाडाला मिळणारं किती, ते अजून काढलेलं नाही.

तिसरं काम: सूर्यफुलाला विचारा

कोमेजण बिंदू शोधायची शंभर वर्षांहून जुनी रीत आहे, अमेरिकेत ब्रिग्ज आणि शँट्झ यांनी 1912 च्या सुमारास तिचा पाया घातला. पुढे प्रमाण म्हणून सूर्यफूल वापरात आलं. गॅलरीत हा प्रयोग सहज होतो आणि माझ्या मते या लेखातलं सर्वांत मोलाचं काम हेच आहे, कारण एकदा केलं की त्या रानासाठी पुन्हा करावं लागत नाही.

गावची अर्धा किलो माती भोक नसलेल्या डब्यात घ्या. सूर्यफुलाच्या दोन-तीन बिया लावा, उगवल्यावर एकच रोप ठेवा. पाणी बेताचं घाला. भोक नाही, चिखल झाला तर रोप कुजेल. पानांच्या तीन जोड्या आल्या की मातीचं तोंड प्लॅस्टिकनं बंद करा, देठाभोवती मेण किंवा चिकटपट्टी लावा. आता डब्यातलं पाणी फक्त रोपाच्या वाटेनंच बाहेर पडेल. पाणी तोडा आणि वाट पाहा. पानं मलूल झाली की संध्याकाळी डबा अंधारात ठेवा आणि आतून ओली केलेली बादली त्यावर पालथी घाला. सकाळी रोप ताठ झालं तर पुन्हा बाहेर काढा. ज्या सकाळी ते सावरणार नाही, त्या सकाळी मुळं वेचून माती तोला, वाळवा, परत तोला.

हा प्रयोग डिसेंबर ते मार्चमध्ये करावा. जुलैत नवी मुंबईची हवा इतकी ओली असते, की रोप पाणी सोडतच नाही आणि प्रयोग लांबत जातो.

समजा उत्तर 16 टक्के आलं. काळ्या जमिनीत असा आकडा मुळीच वावगा नाही. 16 गुणिले 1.3 म्हणजे 20.8 टक्के, 30 सेंटिमीटरमध्ये 62 मिलिमीटर. मघाच्या 78 मधून ते वजा करा. उरले 16. पीक भर वाढीत असताना कोरड्या हवेत रोज 5 मिलिमीटर सहज उडवतं. तीन दिवसांची शिदोरी! "अहो, माती हाताला ओली लागतेय आणि पीक का सुकतंय?" असं काका फोनवर विचारतात, त्याचं उत्तर या वजाबाकीत आहे. काळी माती हाताला ओली लागते, कारण मुळाला न सुटणारं पाणीच तिच्यात ढीगभर असतं.

चौथं काम: पाणी किती वेगानं मुरतं

हे गावीच करायचं. जुन्या पत्र्याच्या पिंपातून दोन कडी कापा, आतलं एक फूट व्यासाचं, बाहेरचं दोन फुटांचं. दोन्ही चार बोटं जमिनीत ठोका. तळाशी गोणपाट टाकून दोन्हींत सारख्या पातळीला पाणी ओता. मोजायचं फक्त आतल्या कड्यातलं. बाहेरचं पाणी एवढ्यासाठी, की आतलं आडवं पसरू नये; एकच कडं वापरलं की आकडा फुगतो. पट्टी उभी करून 5, 10, 20, 30 आणि 60 मिनिटांनी पातळी लिहा. उतरण्याचा वेग स्थिर होईपर्यंत चालू ठेवा. चिकण जमिनीत तो तासाला 1 ते 5 मिलिमीटर येतो, पोयट्यात 10 ते 20, वाळूसरीत 30 च्या वर.

हाच प्रयोग एकदा यात्रेच्या वेळी भेगाळलेल्या रानात करा आणि एकदा गणपतीत फुगलेल्या रानात. काळ्या जमिनीत दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक येईल. उन्हाळ्यात भेगेत ओतलेलं पाणी वरच्या थराला न भिजवता थेट तळाशी जातं. म्हणून मेमधल्या एका जोरदार वळवानं वरची माती पुरती भिजत नाही, तरी दोन-तीन फुटांखाली ओल सापडते. आणि फुगलेल्या रानावर हस्ताचा तासाला 40 मिलिमीटरचा पाऊस कोसळला, की 35 मिलिमीटर ओढ्याच्या वाटेनं निघून जातात.

पाचवं काम: विहिरीची वही

विहिरीच्या कठड्यावर रंगानं एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. दोरीला वजन बांधून पाण्यापर्यंतचं अंतर टेपनं घ्या. परसाच्या, म्हणजे पुरुषभर खोलीच्या मापात सांगणाऱ्या थोरल्यांचा मान राखा, पण वहीत मीटर लिहा. मोजायचं पहाटे, मोटर चालू होण्याआधी. गावातल्या कुणा पुतण्याला आठवड्यातून एकदा दोरीचा आणि शेजारी ठेवलेल्या सरळ कडांच्या डब्यातल्या पावसाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगा. डब्याचं तोंड आणि तळ सारख्याच व्यासाचे हवेत, नाहीतर मिलिमीटर खोटे येतील.

वर्षभरात तुम्हाला एक गोष्ट स्पष्ट दिसेल. मृगाचे पाऊस माती ओली करतात, विहिरीची दोरी मात्र हलत नाही. 90 मिलिमीटर भरून घेईपर्यंत माती खाली काही सोडायला तयार नसते, आणि भरता भरता रोज तीन-चार मिलिमीटर उडतही असतात. विहीर चढते ती दोन-चार मोठ्या पावसांनी, ओढा वाहिल्यावर, भेगांतून आणि नाल्याच्या तळातून उतरलेल्या पाण्यानं.

इथे विज्ञानातली एक गोष्ट सांगायला हवी. पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे जड-हलके प्रकार, म्हणजे समस्थानिकं, मोजली की ते पाणी कुठून आलं याचा माग लागतो. अमेरिकेच्या ओरेगॉनमध्ये, उन्हाळा कोरडा जाणाऱ्या एका डोंगरी जंगलात, संशोधकांना 2010 मध्ये दिसलं, की कोरड्या हंगामानंतरचा पहिला पाऊस लहान छिद्रांत अडकून बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात झाडं तोच पितात. नंतरचा पाऊस त्याला फारसा न ढवळता ओढ्याकडे निघून जातो. 2015 मध्ये जगभरातल्या 47 ठिकाणांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हाही बहुतेक ठिकाणी झाडातलं पाणी आणि भूजल वेगवेगळ्या ओळखीचं निघालं. यावर वाद आहे. झाडातून आणि मातीतून पाणी काढण्याच्या पद्धतीमुळेच फरक दिसतो, असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. शिवाय काही झाडं सरळ भूजलापर्यंत पोचतात. वेड्या बाभळीच्या कुळातल्या मेस्किटची मुळं अमेरिकेत एका खाणीत 53 मीटर खोल सापडली होती. म्हणून तुमच्या बांधावरचं झाड कुठलं पाणी पितं, हे गृहीत धरू नका.

ते तपासायचीही रीत आहे. ओढ्याकाठी, जिथे पाणी हात-दोन हातांवर लागतं, तिथे भोकं पाडलेला दोन इंची पाइप वाळूत उतरवा. आसपास मोटर चालू नसताना, आभाळ निरभ्र असताना, सलग चार दिवस सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पातळी मोजा. दिवसा उतरते आणि रात्री थोडी सावरते, असं झालं तर भोवतीची झाडं त्याच पाण्यावर आहेत. डब्ल्यू. एन. व्हाइट यांनी 1932 मध्ये यूटामधल्या कोरड्या खोऱ्यात याच चढ-उतारावरून झाडांचा उपसा मोजला होता. रुंद विहिरीत हा खेळ दिसणार नाही. तिच्या पोटातलं पाणीच एवढं असतं, की बोटभर फरक लपून जातो.

आकडे हाती आल्यावर

एका कागदावर वर पाऊस, मधे मातीतली ओल, खाली विहिरीची पातळी, असं महिन्यांप्रमाणे काढा. मग खर्च कुठे करायचा ते दिसेल.

दिवाळीच्या नमुन्यात वरची दोन फूट माती वाफशाच्या जवळपास असेल आणि विहीर मात्र अर्धीच, तर रानात आणखी बांधबंदिस्ती करून विहिरीला फायदा होणार नाही. शेतानं आपला वाटा घेतलेला आहे. आता ओढ्याचं मोठं पाणी अडवणं, नाल्याचा गाळ काढणं, विहिरीशेजारी गाळणी करून पुनर्भरण करणं, यावर पैसे घाला. उलट विहीर तुडुंब आणि रब्बीची ज्वारी जानेवारीत माना टाकत असेल, तर दोष मातीच्या टाकीत आहे: खोली कमी, उतार जास्त, किंवा ओल उडून जाते. तिथे ताली, म्हणजे शेताचे बांध नीट करा, आडवी मशागत करा, पाचट-काडीकचऱ्याचं आच्छादन करा आणि पीक पडण्याआधी एखादं संरक्षित पाणी द्या. पाणी किती द्यायचं तेही वजाबाकीनं कळतं. वाफशाला किती बसतं उणे आज किती आहे. त्याहून जास्त दिलेलं मुळांखाली उतरतं. विहीर आपलीच असेल तर ते पुरतं वाया जात नाही, पण वीजबिल आणि खत दोन्ही सोबत घेऊन जातं.

शेततळ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वाहून जाणारा पाऊस त्यात भरला तर उत्तम. बोअरचं पाणी उपसून प्लॅस्टिक घातलेल्या तळ्यात साठवणं, म्हणजे खडकात सावलीला असलेलं पाणी उन्हात आणून ठेवणं. मेमध्ये उघड्या पाण्यावरून रोज 7-8 मिलिमीटर सहज उडतात. महिन्याला वीतभर पातळी गेलीच. एखाद्या बागेसाठी तो खर्च परवडतो, गावाला परवडत नाही.

ज्यांचं गाव-रान नाही त्यांनी हाच काटा सोसायटीत चालवावा. ठाणे-नवी मुंबईत 2,500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी नोव्हेंबर ते मे सगळी भिस्त साठलेल्या ओलीवरच. येऊरचा साग फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडाबोडका होतो तो उगाच नाही. आवारातल्या झाडाला पाणी बुंध्याशी ओतू नका, फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या आसपास द्या. पाणी ओढणारी बारीक मुळं तिकडे असतात. रोज बादलीभर देण्याऐवजी आठवड्यातून एकदा फूटभर खोल भिजेल इतकं द्या आणि पहारीनं टोचून खात्री करा. ओल्या मातीत पहार सहज जाते, कोरडी लागली की अडते. खाडीलगतच्या भरावावर बोअरचं पाणी वापरत असाल तर आधी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, बुडवून पाहा. क्षार वाढले की भिजलेल्या मातीतूनही मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि माळी बिचारा आणखी तेच पाणी घालत राहतो. मार्चनंतर आकडा चढत गेला तर ते पाणी गाड्या-फरशा धुवायला ठेवा आणि झाडांसाठी सांडपाणी प्रकल्पाचं शुद्ध केलेलं पाणी मिळतं का ते पाहा. त्याचेही क्षार त्याच मीटरनं तपासून घ्या.